‘बराबर?’ विचारणारं मशीन

हिंगोलीतल्या आमच्या कालव्याच्या ऑफिसात कुठलीही फाईल पुसायला सांगितली, की कम्प्युटर आधी ‘बराबर?’ असं विचारायचा. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, जगातले सगळे कम्प्युटर असंच विचारत असतील. पुढं परभणीला ट्रेनिंगला गेले, तिथं एक फाईल पुसायला सांगितली आणि ‘बराबर?’ची वाट बघत बसून राहिले. शिकवणाऱ्या मुलानं विचारलं, मॅडम, थांबलात कशाला, ती फाईल तर कधीच गेली. त्याला काय सांगणार? आमचं मशीन आमच्याशी आमच्या भाषेत बोलतं आणि ते त्याला आमच्या सरांनी शिकवलंय, असं म्हटलं असतं तर अख्खा वर्ग हसला असता.

सर म्हणजे काही मास्तर नव्हते. मूळचे टंकलेखक, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे. वरच्या ऑफिसला नवं मशीन मिळालं तेव्हा त्यांचं जुनं आमच्या गळ्यात पडलं, आणि टायपिंग येतं एवढ्याच गुन्ह्यासाठी ते सरांच्या गळ्यात पडलं. मशीनला गारवा लागतो म्हणून त्या खोलीत एसी बसवला होता. त्यामुळं मे महिन्यात सगळं ऑफिस घामानं निथळत असताना सर स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले असायचे. जेवायच्या सुट्टीत ते तसेच बाहेर पडायचे. नवीन आलेला शिपाई एकदा मला हळूच म्हणाला होता, की यांना हिवताप असेल तर सुट्टी द्यायला पाहिजे.

‘बराबर?’ म्हणायची सवय त्यांना मशीनच्या आधीपासून होती. चहा सांगितला की चहावाल्याला बराबर?, कपाट लावलं की कुलपालाच बराबर? एकदा आम्ही ऑफिसच्या कामाला रिक्षानं निघालो होतो. सर बसल्यावर एकदा म्हणाले, रिक्षा हलल्यावर एकदा म्हणाले, वळणावर पुन्हा म्हणाले. शेवटी रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली, उतरून तिन्ही चाकं पाहिली आणि साहेब, तुम्हाला नक्की आवाज कुठून येतोय, असं हिंदीत विचारलं. पाठीमागं सगळे त्यांना बराबरसर म्हणायचे. ते त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं असा माझा संशय आहे.

मशीन आलं त्याच वर्षी एका कारकुनानं एक शब्द चुकीचा टाईप केला आणि अख्ख्या हंगामाचे पाणी मागणीचे अर्ज उडवले. बिचारा घाबरून ऑफिसला यायचाच बंद झाला. त्याला घरून समजूत घालून आणावं लागलं. हे माझ्या आधीचं, मी ऐकलेलं. पण सरांचा राग मात्र मी पुढं कितीतरी वर्षं पाहिला, आणि तो कारकुनावर नव्हता. टाईपरायटरवर चूक झाली तर कागदावर दिसते, रबरानं घासता येते, घासलेलंही दिसतं. हे मशीन सगळं पुसून वर काही घडलंच नाही अशा तोंडानं बसतं. "याला लाज न्हाई, ताई," ते मला म्हणायचे. "भिंत पाडायला लावलेला मजूर बी एकदा इचारतो, मालक, पाडू का म्हणून. हे इचारत न्हाई."

मग त्यांनी मशीनला विचारायला लावलं. कंपनीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि शेजारी डिक्शनरी घेऊन ते शिकले. कम्प्युटरला जे शब्द टाईप करून काम सांगायचं त्यांना ते हुकूम म्हणायचे. पुसायचा हुकूम दोनच इंग्रजी अक्षरांचा, आर आणि एम. सरांनी कंपनीचा मूळ आरएम आतल्या खोलीत नेऊन बसवला, त्याला ‘थोरला’ असं नाव दिलं आणि त्याच्या जागी दारात स्वतः लिहिलेला आरएम उभा केला, तो ‘धाकटा’. कुणी काही पुसायला सांगितलं, की धाकटा आधी कुठल्या कुठल्या फायली जाणार त्याची यादी दाखवायचा, मग ‘बराबर?’ विचारायचा. बी, म्हणजे बराबर, दाबलं तर आत जाऊन थोरल्याला उठवायचा. एन, म्हणजे न्हाई, दाबलं तर गुपचूप परत फिरायचा.

यातून एक गंमत झाली. धाकटा ती यादी फार सुरेख दाखवायचा, गावांप्रमाणे लावून. यादी बघायचा कंपनीचा हुकूम वेगळा होता, पण त्यात नुसता पसारा यायचा. म्हणून आमच्या लोकांनी यादी बघायला पुसायचाच हुकूम वापरायला सुरुवात केली. आरएम टाईप करायचं, पुढं सगळ्यासाठीची चांदणी मारायची, यादी डोळ्यांखालून घालायची, ‘बराबर?’ आलं की एन दाबून उठायचं. आमचे मोठे बाबू, म्हणजे हेड क्लार्क, दिवसातून कितीदा हे करत. आरएम म्हणजे पुसणं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते त्याला यादीचं बटण समजत. सर हे बघायचे आणि मिशीत हसायचे. आपला धाकटा लोकांना इतका आवडतो याचंच त्यांना कौतुक.

दुसरा लाडका हुकूम ‘काहून’, म्हणजे ‘का म्हणून’. काही बिघडलं की मशीन इंग्रजीत कुरकुरायचं आणि ते कुणालाच समजायचं नाही. अशा वेळी इंग्रजी अक्षरांत ‘काहून’ टाईप केलं, की उत्तर आपल्या बोलीत यायचं. फाईल सापडून न्हाई राहिली, नाव तपासा. किंवा, तुमचा यावर हक न्हाई, सायबाला इचारा. हे दुसरं वाक्य वाचून मोठे बाबू खरोखर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहत.

सरांचं सगळंच काही जमायचं असं नाही. तारीख सांगणाऱ्या हुकमात त्यांनी एकदा आज कुठल्या गावचा आठवडी बाजार आहे तेही घातलं. कारण बाजारच्या दिवशी कालव्यावरचा माणूस जागेवर सापडत नाही, तर निदान ऑफिसला ते माहीत असावं. विचार चांगला होता. पण पत्रं छापणारा प्रोग्राम तारीख त्याच हुकमाकडून घ्यायचा. त्यामुळं वरच्या ऑफिसला गेलेल्या सगळ्या पत्रांवर तारखेखाली ‘आज शिरडचा बाजार’ असं छापून गेलं. तिकडून विचारणा आली, की सदर बाजाराशी या कार्यालयाचा संबंध काय. साहेबांनी सरांना बोलावलं. सर म्हणाले, संबंध हाय, पण तो कागदावर यायला नको होता.

आता माझ्या रविवारांचं सांगते, कारण या माणसाची आठवण माझ्या अंगात थकवा होऊन बसली आहे, आणि तो तिथूनच आला. कंपनी मधूनमधून मशीनसाठी सुधारणा पाठवायची. लहान सुधारणेला पॅच म्हणतात; सर ठिगळ म्हणायचे. मोठी, म्हणजे अपग्रेड आली, की म्हणायचे, ताई, नवा साहेब येऊन राहिला. नव्या साहेबाला जुन्याच्या काळातली व्यवस्था ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचीही नसते. ठिगळ आलं की ते कंपनीचा नवा आरएम सरळ दारात आणून बसवायचं, आणि आमचा धाकटा उडून जायचा. आत थोरला तसाच, जुना, कुणी विचारत नसलेला. नवा साहेब आला तर काहूनसकट सगळंच झाडून टाकायचा.

म्हणून सुधारणा चढवायच्या आधी सरांचे सगळे हुकूम दुसरीकडं उतरवून ठेवायचे. याला ते माहेरी पाठवणं म्हणायचे. मग ठिगळ लावायचं, कशाकशाला धक्का लागला ते एकेक करून बघायचं, नव्या मूळ हुकमांना आत न्यायचं, आणि आपल्यांना माहेराहून आणून पुन्हा दारात उभं करायचं. एखाद्याचं नव्याशी पटायचं नाही, मग तो नव्यानं लिहायचा. हे सगळं सुट्टीच्या दिवशी, कारण इतर दिवशी मशीनवर काम चालू. अर्ध्यात लाईट जायची. बॅटरी कूं कूं करायला लागली की सगळं बंद करून अंधारात बसायचं आणि लाईट आली की पहिल्यापासून. घरी माझी मुलगी लहान, नवरा शाळेत शिक्षक, त्याचा तेवढाच एक दिवस मोकळा. हुकूम वर्षातून तीनदा माहेरी जायचे आणि माझं माहेर सिद्धेश्वरला, बसनं जाऊन दुपारी परत येता येईल एवढ्यावर, पण मला जायला मिळायचं नाही. हे मी सरांना एकदा चिडून बोलूनही दाखवलं. ते खूप ओशाळले. पुढच्या ठिगळाला त्यांनी मला येऊ नका म्हणून सांगितलं आणि एकट्यानं इतका घोळ केला, की सोमवारी मला दुप्पट काम पडलं.

औरंगाबादहून कंपनीचा इंजिनिअर यायचा, तो चांगला मुलगा होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात लोकांनी त्यालाच नावं ठेवली. त्यानं सरांना फार आधी आणि फार आदरानं सांगितलं होतं, की काका, कंपनीच्या हुकमांच्या जागेत आपले ठेवू नका. आपले वेगळ्या ठिकाणी ठेवा, वेगळ्या नावानं. मग कितीही अपग्रेड येऊ द्या, त्यांना हातही लागणार नाही. मला ऐकूनच बरं वाटलं, माझे रविवार वाचणार होते. सर मात्र मान हलवत राहिले. नाव वेगळं ठेवलं तर ते वापरणार कोण? घाईत असलेल्या माणसाचा हात जुन्याच नावाकडं जातो, आणि चूक घाईतच होते. तो मुलगा म्हणाला, ते खरं आहे. पण एक दिवस तुमचा धाकटा दारात नसेल, तेव्हा काय कराल? सर म्हणाले, मी असताना नसेल कसा.

तो दिवस रब्बीत आला. सर एका नातेवाइकाच्या दहाव्याला साखऱ्याला गेले होते. इंजिनिअर यायचा होता दुसऱ्या दिवशी, पण परभणीचं काम लवकर आटोपलं म्हणून आधीच येऊन उभा राहिला. अपग्रेड होता, नवा साहेब. मी आमच्या साहेबांना म्हटलं, सर येऊ द्या. साहेब म्हणाले, तो मुलगा काय रोज रोज येणार आहे का, करून घ्या. मी हुकूम माहेरी पाठवले, एकेक मोजून. अपग्रेड चढला. इंजिनिअर म्हणाला, जेवून घेऊ आणि मग तुमचे हुकूम परत बसवू. इतक्यात मोठे बाबू आत आले. पाहुण्याला आमचं काम दाखवायची त्यांना हौस आली. बघा, आमच्याकडं गावांची यादी कशी शिस्तीत असते, असं म्हणत त्यांनी उभ्याउभ्याच एका हातानं आरएम आणि चांदणी टाईप केली आणि बटण दाबलं. मी ‘बाबू’ एवढंच म्हणू शकले.

यादी आली नाही. काहीच आलं नाही, पडदा नुसता पुढच्या हुकमाची वाट बघत उभा राहिला. बाबूंनी सवयीनं एन दाबलं. एन सापडलं नाही, असं मशीननं इंग्रजीत उत्तर दिलं. बाबू गोंधळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग, कधीही काही बिघडलं की ते करत तेच केलं, ‘काहून’ असं टाईप केलं. मशीन म्हणालं, काहून सापडलं नाही.

हुकूम सगळे सुखरूप होते, फायली गेल्या होत्या. सगळे अर्ज कागदावर होतेच, पण मशीनमध्ये ते पुन्हा भरायचे म्हणजे गठ्ठेच्या गठ्ठे. फायलींची नक्कल जपून ठेवलेली टेप होती, पण टेपचं यंत्र महिन्यापूर्वी बिघडलेलं आणि दुरुस्तीचं पत्र वरच्या ऑफिसात पडलेलं. त्यामुळं इंजिनिअरनं टेप आपल्या यंत्रावर वाचून दिली तरी महिन्यापूर्वीपर्यंतचंच मिळालं. उरलेलं आम्ही बसून भरलं, सर, मी आणि बाबू. बाबू दोन बोटांनी टाईप करत होते. तोवर पाणीपाळीचा कार्यक्रम लांबला. वरच्या अंगाच्या गावांनी आपलं पाणी घेतलं, शेवटच्या टोकाच्या गावांची पाळी उशिरा लागली.

त्या दिवसांत शिरड शहापूरकडच्या एक वयस्कर बाई ऑफिसात आल्या. हरभरा फुलावर होता, म्हणाल्या. भांडायला आल्या नव्हत्या, नुसतं विचारायला आल्या होत्या. साहेब दौऱ्यावर होते, बाबू मान खाली घालून फाईल चाळत राहिले. बाई एकेका टेबलापाशी जाऊन तेच विचारत होत्या.

"पाणी काहून न्हाई आलं, दादा?"

सर एसीच्या खोलीतून कानटोपी काढत बाहेर आले. मला वाटलं, मशीन बिघडलं असं सांगतील. आम्ही सगळ्यांना तेच सांगत होतो.

"माझ्यामुळं न्हाई आलं, मावशी," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्वेटरकडं जरा जास्तच. मग बरं म्हणाल्या आणि गेल्या. मला सरांचा राग आला. बाबूंनी बटण दाबलं, साहेबांनी घाई केली, टेपचं यंत्र वरच्यांनी दुरुस्त केलं नाही, आणि हा माणूस सगळं आपल्या डोक्यावर घेऊन मोकळा. मी त्यांना तसं म्हणाले. त्यावर ते जे म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"ताई, बैल मारका हाय, हे मी लोकाईला इसरायला लावलं. इचारणारं मशीन असलं की माणूस इचार करायचं सोडून देतो."

इंजिनिअर पुन्हा आला तेव्हा त्यानं चूक कुणाची हे काढलं नाही. उलट सरांच्या शेजारी बसून म्हणाला, काका, अजून वेळ गेली नाही, तुमचे हुकूम वेगळ्या जागी ठेवून देतो, कायमचे राहतील. साहेबांचीही हरकत नव्हती. म्हणजे सरांना ते हुकूम काढून टाकायला कुणीही लावलं नव्हतं. त्यांनी स्वतः काढले. मला शेजारी बसवलं आणि माहेरी ठेवलेले हुकूम कंपनीच्या मूळ आरएमनं एकेक करून पुसले. काहूनपाशी ते बराच वेळ थांबले. मी म्हटलं, सर, हा राहू द्या, यानं काय बिघडवलंय? ते म्हणाले, एक ठेवला तर दुसरा मागं लागतो. आणि बटण दाबलं. मशीननं काही विचारलं नाही.

त्यानंतर रिटायर होईपर्यंतची दोन-अडीच वर्षं ते एसीच्या खोलीत कमी बसायचे. कुणी टर्मिनलवर, म्हणजे मशीनला जोडलेल्या पडद्यापुढं, बसलं की त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहायचे, आणि त्या माणसानं आर दाबला की पाठीमागून आवाज यायचा. लोक वैतागायचे. बाबू म्हणायचे, सर, बसा हो जरा, पाय दुखतील. मीही वैतागायचे, खोटं कशाला सांगू. मानेवर सतत कुणाचा तरी श्वास घेऊन काम होत नाही. पण हळूहळू लोक बटण दाबायच्या आधी आपण होऊन हात उचलायला लागले. तसं झाल्यावर सर मागं उभे राहायचे बंद झाले.

ते रिटायर झाल्यावर वर्षभरानं पुन्हा अपग्रेड आला. कुठल्याशा कामासाठी फोनवर बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, की येत्या रविवारी आहे. रविवारी मी कुलूप काढत होते तर सर पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पहिल्या गाडीनं आलेले. मी त्यांची खुर्ची पुसून दिली. सीडी घातली आणि आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. लाईटही गेली नाही त्या दिवशी. चहा मागवावा म्हणेपर्यंत काम झालं. पडद्यावर झालं असं इंग्रजीत आलं तरी सर खुर्ची पुढं ओढून बसले होते.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही, सर. झालं."

"आपलं काई गेलं तर न्हाई त्यात?"

मी थकलेली होते, उत्तर तोंडात तयारच होतं. "जायला आपलं काही उरलंय कुठं, सर."

ते बरं म्हणाले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तसेच बसले. साखऱ्याकडं जाणारी त्यांची गाडी चारची होती आणि अजून अकराही वाजले नव्हते. घरी मुलगी वाट बघत होती. इतकी वर्षं मी असाच एखादा रविवार मागत आले होते, दुपारच्या आत घरी नेणारा. मी खांद्याला लावलेली पर्स काढून टेबलावर ठेवली, आणि सरांनी काही विचारायच्या आधी मीच म्हणाले, की मशीन जरा चालू ठेवून बघू, नव्या अपग्रेडचं काही सांगता येत नाही.